सव्वाबाराची सावली: त्रिकोणमिती कुठून सुरू करावी

मे महिना संपत आला की नागपूरच्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. २६ मेच्या आसपास दुपारी बारा वाजून दहा-अकरा मिनिटांनी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्याच पायाखाली जाऊन गायब होते. शून्य सावली दिवस. सळई, बाटली, स्टीलचा डबा, हाताला लागेल ते उभं करून लोक फोटो काढतात. जुलैच्या मध्यावर हेच पुन्हा घडतं, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही.

डिसेंबरात नागपूरच्या उन्हात आणखी एक गंमत होते. तिची बातमी मी तरी कधी वाचलेली नाही. २१-२२ डिसेंबरला दुपारी सव्वाबाराच्या जरा आधी मोकळ्या जागेत ताठ उभे राहा. तुमची सावली जवळजवळ तुमच्याइतकीच लांब पडते. पाच फुटांच्या मुलीची सावली चार फूट अकरा इंच.

ही सोय सगळ्यांना नाही. त्याच दुपारी पुण्यात त्या मुलीची सावली साडेचार फुटांवर थांबते आणि दिल्लीत सव्वासहा फुटांच्याही पुढे जाते. नागपूर, अमरावती, जळगाव, गोंदिया हा पट्टा मात्र नशीबवान. नागपूर विषुववृत्ताच्या उत्तरेला २१ अंशांवर आहे आणि त्या दिवशी सूर्य साडेतेवीस अंश दक्षिणेला गेलेला असतो. दोन्हींची बेरीज साडेचव्वेचाळीस. सूर्य डोक्यापासून तेवढा कललेला, तेव्हा क्षितिजापासून ४५ अंशांच्या किंचित वर. शाळेतल्या त्रिकोणमितीतला सगळ्यात गुणी कोन ४५ अंशांचा, आणि तो नागपूरला दर डिसेंबरात फुकट मिळतो.

आमच्या बिल्डिंगमधली सहावी ते आठवीची पाच-सहा पोट्टी रविवारी माझ्याकडे गणिताला बसतात. त्यांची मोठी भावंडं नववी-दहावीत. एकदा त्यातली एक म्हणाली, "काकू, दादा म्हणते का त्रिकोणमिती भल्ली डेंजर असते." दादाचं चुकत नाही. त्याला पहिल्याच दिवशी फळ्यावर सहा गुणोत्तरं, तीन नित्यसमानता आणि पाच कोनांची सारणी एकदम भेटली. मी त्या पोरांना वही न घेता गच्चीवर नेलं. ते कसं आणि का, तेच इथे लिहिते आहे. घरात सातवीतलं मूल असेल तर करून बघा. स्वतः दहावीत कशीबशी त्रिकोणमिती पार केलेल्यांनीही वाचायला हरकत नाही.

तर्री पोहे आणि कोन

आधी गुणोत्तर. हा शब्द पाचवी-सहावीत येतो आणि तिथेच अर्धी मुलं त्याला घाबरून बाजूला होतात.

सकाळी पोह्याच्या ठेल्यावर हाफ प्लेट घ्या किंवा फुल. पोह्यांच्या मानाने तर्री सारखीच टाकली असेल तर दोन्ही प्लेटा सारख्याच तिखट लागतात. पोहे दुप्पट, तर्री दुप्पट, तिखटपणा तोच. तर्री भागिले पोहे, या आकड्यात तो तिखटपणा पकडता येतो. प्लेट केवढी आहे हे त्या आकड्याला माहीतच नसतं.

आता उन्हात या. एका क्षणी सूर्य सगळ्यांना एकाच कोनातून दिसतो. तुमची उंची भागिले तुमची सावली, विजेच्या खांबाची उंची भागिले त्याची सावली, पाण्याच्या टाकीची उंची भागिले तिची सावली: आकडा एकच येतो. खांब फुल प्लेट, तुम्ही हाफ प्लेट. तिखटपणा ठरवणारा कोन एकच.

या आकड्याला त्या कोनाचा टॅन म्हणतात. लांब नाव टॅन्जंट. पुस्तकी व्याख्या अशी: काटकोन त्रिकोणात एक कोन निवडा. त्याच्या समोर आहे ती संमुख बाजू, त्याला चिकटलेली (पण कर्ण नसलेली) ती लगतची बाजू. संमुख भागिले लगत म्हणजे टॅन. आपल्या चित्रात खांब ही संमुख बाजू, सावली ही लगतची बाजू आणि सावलीच्या टोकापासून खांबाच्या शेंड्यापर्यंत जाणारा उन्हाचा किरण हा कर्ण.

मुलांना मी एवढंच सांगते की प्रत्येक कोनाला स्वतःचा एक आकडा असतो, आणि कोन ठरला की आकडा ठरला. नववीच्या पुस्तकातली पुढची सगळी पानं याच गोष्टीच्या आधाराने उभी आहेत.

आमची बिल्डिंग किती उंच

डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यातला कोणताही रविवार चालतो. उंची आणि सावली यांतला फरक तेव्हा दोन-अडीच टक्क्यांच्या आतच असतो. सव्वाबाराला सावली उत्तरेकडे पडते, तेव्हा त्या बाजूला मोकळी जागा हवी. आमच्याकडे तिथे पार्किंग आहे, म्हणून दोन स्कूटर हलवाव्या लागल्या.

गच्चीच्या कठड्याची सावली जिथे संपली तिथे खडूने रेघ मारली आणि भिंतीपासून टेपने मोजलं. साडेबेचाळीस फूट. मग खरं-खोटं करायला गच्चीवरून दोऱ्याला दगड बांधून खाली सोडला आणि दोरा मोजला. त्रेचाळीस फूट आणि वर दोन बोटं.

आठवीतल्या मुलाने लगेच पकडलं, "काकू, सहा इंच कुठी गेले?" प्रश्न उत्तम होता. एक तर कोन नेमका ४५ नव्हता, थोडा जास्त होता, त्यामुळे सावली उंचीपेक्षा जराशी तोकडी. दुसरं कारण त्याला जमिनीवर वाकायला लावून दाखवलं. सावलीची कड सुरीने कापल्यासारखी नसतेच. सूर्य हा ठिपका नाही, आकाशात तो अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून एवढ्या उंचीवरून आलेली सावली कडेला वीतभर धूसर होते. त्या धूसर पट्ट्यात खडूची रेघ कुठे ओढायची हे ज्याच्या हातात खडू त्याच्या मनावर. गणितातला आकडा आणि मोजलेला आकडा यांच्यात वीतभर जागा असते, हे मुलांना इतक्या स्वस्तात दुसरीकडे शिकायला मिळत नाही.

मग विचारणा झाली, "दीक्षाभूमीचा स्तूप मोजू का?" तिथे सावलीची युक्ती अडते. शेंड्याची सावली मोजायची ती शेंड्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून, आणि घुमटाचा तो बिंदू आत मध्यभागी असतो. बाहेरून मोजलेल्या अंतरात अर्धा व्यास मिळवावा लागेल. शिवाय सूर्य वर असला तर घुमटाचा खांदाच शेंड्याची सावली गिळून टाकतो. कुठली पद्धत कुठे चालत नाही हेही त्यांना कळायला हवं, म्हणून तो प्रश्न मी मुद्दाम लांबवला.

दहा सेंटिमीटरचा पाया, बाकी पट्टीचं काम

डिसेंबर संपला की ४५ अंशही संपले. आता बाकीच्या कोनांचे आकडे लागतात. ते पुस्तकाच्या मागून उतरवून घेऊ नका, मुलांना घरी तयार करू द्या.

कागदावर १० सेंटिमीटरची आडवी रेघ. उजव्या टोकाला गुण्याने काटकोनात उभी रेघ, हवी तेवढी लांब. डाव्या टोकावर कोनमापक ठेवून १० अंशांची तिरपी रेघ ओढायची आणि ती उभ्या रेघेला कुठे छेदते ते मोजायचं. साधारण १.८ सेंटिमीटर येतं. पाया १० चा, म्हणून टॅन १० अंश झाला ०.१८. मग २० अंशांना ३.६, ३० ला ५.८, ४० ला ८.४, ४५ ला बरोबर १०. इथपर्यंत सगळं शांतपणे चालतं.

५० ला ११.९, ६० ला १७.३. वहीचं पान संपत येतं. ७० ला साडेसत्तावीस, जुनं वर्तमानपत्र अंथरावं लागतं. ८० ला छप्पन सेंटिमीटरच्या वर, आता दोन वर्तमानपत्रं चिकटवून सगळे फरशीवर पालथे. ८५ ला एक मीटरच्याही पुढे जाणारी रेघ भिंतीवर चढते आणि घरातून ओरडा येतो.

इथे मी घाई करत नाही. कोन दुप्पट केला की टॅन दुप्पट होतो असं जवळपास प्रत्येक मुलाला आतून वाटत असतं. २० ला ३.६ आणि ४० ला ८.४ हे स्वतःच्या पट्टीने मोजल्यावर ते वाटणं जातं, माझ्या सांगण्याने जात नाही. शिवाय ८० च्या पुढे रेघ अशी का पळत सुटते हा प्रश्न त्यांच्या डोक्यात अडकून राहतो. उत्तर मी तेव्हा देत नाही. त्याला मे महिना यावा लागतो.

गवंड्याचा ओळंबा, पेटीतला कोनमापक

ऊन नसेल तेव्हा कोन मोजायला साधन लागतं. कंपास पेटीतल्या कोनमापकाच्या सरळ कडेवर स्ट्रॉ चिकटवा. मध्यबिंदूच्या भोकातून दोरा ओवून खाली एक नट बांधा. झाला ओळंबा. गवंडी भिंत सरळ आहे का ते ज्याने बघतो, तोच. कोनमापक उलटा धरून स्ट्रॉमधून इमारतीचा शेंडा बघायचा आणि दोरा किती अंशावर थांबला ते दुसऱ्याने वाचायचं. नजर सपाट असताना दोरा ९० वर असतो. वर बघताना तो ९० पासून जितका सरकतो तितका आपला कोन. याला पुस्तकात उन्नत कोन म्हणतात. खाली बघताना होतो तो अवनत कोन.

शेंडा ४० अंशांवर दिसला आणि आपण इमारतीपासून ५० फुटांवर असलो, तर उंची ५० गुणिले ०.८४, म्हणजे ४२ फूट. त्यात डोळ्यांची जमिनीपासूनची उंची मिळवायची. ही मिळवणी प्रत्येक पोरगं पहिल्यांदा विसरतं. विसरू द्या, उत्तर चार फूट कमी आलं की दुसऱ्यांदा कोणी विसरत नाही.

भिंतीला नाक लावून मोजायचं नाही, हेही सांगून ठेवा. ४५ च्या आसपास कोन वाचताना एक अंशाची चूक झाली तर उंचीत साडेतीन टक्क्यांचा फरक पडतो. तीच चूक ८० च्या आसपास झाली तर फरक अकरा टक्क्यांवर जातो. वर्तमानपत्रावर पळत सुटलेली रेघ ती हीच.

आणि आता माझी सगळ्यात लाडकी युक्ती. समजा मनोरा तलावाच्या पलीकडे आहे किंवा कुंपणाच्या आत, पायथ्यापर्यंत जाताच येत नाही. मग जिथून शेंडा ४५ अंशांवर दिसतो तिथे एक दगड ठेवा. तसंच सरळ मागे चालत जा, कोन साडेसव्वीस अंश होईपर्यंत. तिथे दुसरा दगड. दोन दगडांमधलं अंतर मोजा. मनोऱ्याची उंची तेवढीच, डोळ्यांची उंची सोडून.

कसं काय? ४५ चा टॅन १, म्हणून पहिला दगड मनोऱ्यापासून एका उंचीइतका लांब. साडेसव्वीसचा टॅन जवळपास अर्धा, म्हणून दुसरा दगड दोन उंचींइतका लांब. दोनातून एक गेला, उरली एक उंची. तलाव ओलांडला नाही, कुंपण चढलं नाही, कागद-पेनही काढलं नाही. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा पोरं अर्धा तास दिसेल ते मोजत सुटली होती. एकीने शेजारच्या काकांना दुरून मोजून त्यांची उंची सहा फूट दोन इंच काढली. काका खूश झाले, आकडा चुकला होता तरी.

पतंग, मांजा आणि खिसा

टॅन अंगवळणी पडला की साइन आणि कोसाइन आणावेत, त्याआधी आणूच नयेत असं माझं मत आहे. शाळेत क्रम उलटा असतो. पण टॅनमधल्या दोन्ही बाजू जमिनीवर आणि भिंतीवर हाताने मोजता येतात. साइनला कर्ण लागतो आणि कर्ण बहुतेक वेळा हवेत असतो.

कर्ण हातात येतो तो संक्रांतीला. नागपूरचं पोरगं असेल तर हे वेगळं समजवायची गरजच नाही. चक्रीतून १०० मीटर मांजा सुटला आहे आणि तो जमिनीशी ४० अंशांचा कोन करतो आहे. मांजा हा कर्ण. पतंग किती उंच? उंची भागिले मांजा, या गुणोत्तराचं नाव साइन. ४० अंशांचा साइन ०.६४, म्हणून पतंग ६४ मीटर वर. आणि पतंगाच्या बरोबर खाली कुणाची गच्ची आहे? आडवं अंतर भागिले मांजा, हे कोसाइन. ४० चा कोसाइन ०.७७, म्हणून ७७ मीटर लांबची गच्ची. पतंग कटला तर पळायचं कुठे याचा हा अंदाज (वारा सोडून). मांजाला झोळ पडतो, त्यामुळे खरी उंची थोडी कमीच भरेल. आणि मांजा सुती घ्या, नायलॉनचा नको. गळे कापले जातात.

साइनचीही सारणी घरी होते. कंपासने १० सेंटिमीटर त्रिज्येचा पाव वर्तुळाचा कंस काढायचा, वेगवेगळ्या कोनांच्या त्रिज्या ओढायच्या आणि कंसावरून खाली पायाच्या रेघेपर्यंतची उभी उंची मोजायची. ३० अंशांना बरोबर ५, ६० ला ८.७, ९० ला १०. इथे कुठली रेघ पळत सुटत नाही. कर्ण हीच काटकोन त्रिकोणातली सगळ्यात लांब बाजू, म्हणून साइन एकाच्या वर जाऊच शकत नाही.

हेच काम इ.स. ४९९ मध्ये आर्यभटाने केलं होतं. त्याने पावणेचार-पावणेचार अंशांच्या अंतराने २४ किमती दिल्या. त्याची त्रिज्या ३४३८ होती. ३० अंशांना त्याचा आकडा येतो १७१९, बरोबर अर्धा. आपल्या कागदावर दहाचे पाच आले, तसेच.

आर्यभटाकडे या लांबीला शब्द होता ज्या, म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस धनुष्यासारखा, म्हणून त्याला चाप आणि त्याची दोरी ती ज्या. गणितात तिचा अर्धा भाग घेतात. हा शब्द अरबीत जाऊन जीबा झाला. अरबी लिहिताना ऱ्हस्व स्वर गाळतात, तेव्हा पुढच्या कुणी तो जैब असा वाचला. जैब म्हणजे कपड्याची चुणी, खिसा. आपल्या बाजारातल्या हिंदीतला जेब, तोच हा. लॅटिनमध्ये भाषांतर करणाऱ्यांनी त्या जैबसाठी चुणीचाच शब्द घेतला, साइनस, आणि त्याचा झाला साइन. भारतातून धनुष्याची दोरी गेली आणि शाळेच्या पुस्तकातून खिसा परत आला. ही गोष्ट सांगितल्यापासून आमच्याकडच्या एका मुलाने साइनला 'जेब' म्हणायला सुरुवात केली आहे. मी त्याला थांबवलेलं नाही.

हिंगणघाटची कबर

नागपूरकरांना झिरो माइल माहीत असतो. चार घोडे, खांब आणि 'भारताचा मध्यबिंदू' ही आपण सगळ्यांनी पाहुण्यांना सांगितलेली गोष्ट. तिथल्या सर्वेक्षणाच्या खुणेवर १९०७ साल आहे आणि समुद्रसपाटीपासूनची उंची कोरली आहे, १०२० फुटांच्या थोडी वर. तिथे जीटीएस अशी अक्षरंही आहेत. पूर्ण नाव ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे. ट्रिगोनोमेट्री म्हणजे त्रिकोणमिती. आपण ज्या दगडापाशी सेल्फी काढतो त्याच्या नावातच हा विषय आहे.

हे सर्वेक्षण १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटनने सुरू केलं. १०० फुटांची पोलादी साखळी जमिनीवर पुन्हा पुन्हा टाकून त्याने सुमारे १२ किलोमीटरची एक सरळ रेघ मोजली. जवळपास चारशे वेळा साखळी टाकायची, तीही उन्हाने लांबी किती वाढली याचा हिशेब ठेवत. मग रेघेच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या एका टेकडीकडे बघून दोन कोन मोजले. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्यावरचे दोन कोन कळले की उरलेल्या दोन बाजू साइनच्या सारणीतून निघतात. आपल्या दोन दगडांच्या युक्तीचीच ही थोरली बहीण. आता त्या नव्या बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होतात, त्यावरून तिसरी टेकडी, चौथी टेकडी. अधूनमधून पडताळ्यासाठी साखळी पुन्हा काढायची. एरवी जमिनीवर फूटपट्टी न लावता त्रिकोणाला त्रिकोण जोडत हे लोक देश मोजत उत्तरेकडे सरकत राहिले. कोन मोजायचं त्यांचं यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाचं होतं. आपलं स्ट्रॉ आणि नटचं आहे. करायचं काम तेच.

लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे येत असताना २० जानेवारी १८२३ ला वाटेत हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे, इथून बसने दोन तासांच्या आत. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने काम चालवलं. १८५२ मध्ये सर्वेक्षणातला बंगाली गणिती राधानाथ सिकदर याने दीडशे किलोमीटरहून दुरून घेतलेल्या कोनांवरून एका हिमशिखराची उंची काढली. १८५६ मध्ये ती २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. आजचा आकडा ८,८४८.८६ मीटर, त्यांच्यात फरक जेमतेम नऊ मीटरचा. शिखराला मात्र सिकदरचं नाव लागलं नाही.

नववीत येतंच ना, मग आत्ता कशाला?

पालक हे हमखास विचारतात. राज्य मंडळाच्या पुस्तकात त्रिकोणमिती नववीत येते, समरूपतेचा, म्हणजे लहानमोठ्या पण एकाच आकाराच्या त्रिकोणांचा, आख्खा धडा दहावीत. पण लागणारं सामान, म्हणजे कोन, गुणोत्तर आणि दशांश अपूर्णांक, हे सातवीपर्यंत सगळं हातात आलेलं असतं. मी नववीचा धडा आधी शिकवा म्हणत नाही. नित्यसमानता, थीटा, सूत्रं यांतलं काहीही आठवीपर्यंत आणू नका. सावली, कागदावरच्या दोन सारण्या आणि ओळंबा पुरे. नववीत फळ्यावर टॅन आला की मुलाला वर्तमानपत्रावरची रेघ आठवावी.

आणि मोबाइल?

मोबाइलमध्ये कोन दाखवणारं ॲप असतं. वापरा की. नट हलतो, मोबाइल हलत नाही. उंची सांगणारी ॲपही आहेत. कॅमेरा किती कलला ते बघून तीही आतल्या आत टॅननेच गुणतात. जीपीएसबद्दल मात्र एक गैरसमज काढून टाकते: ते कोन मोजत नाही, उपग्रहांपासूनची अंतरं मोजतं. त्यावरून अक्षांश-रेखांश आणि मग 'तुम्ही अमुक किलोमीटर दूर' हे काढताना साइन-कोसाइन येतातच. मुलांच्या खेळातली गाडी पडद्यावर वळते तेव्हा तिचा प्रत्येक कोपरा याच दोघांच्या हिशेबाने सरकतो. हे ऐकल्यावर आमच्याकडची मुलं साइनकडे जरा आदराने बघू लागली. पतंगाने झालं नव्हतं, गेमने झालं.

'साइन' खोडून टाकू का?

वर साइन ६०, खाली साइन ३०. बहुतेक मुलं दोन्हीकडचं साइन खोडतात आणि उत्तर लिहितात दोन. मार्क जातात, का गेले ते कळत नाही. मी विचारते, 'रमेशचे वडील' भागिले 'सुरेशचे वडील' असं लिहिलं तर दोन्हीकडचे वडील खोडून रमेश भागिले सुरेश करशील का? हसतात, पण समजतं. साइन हा आकडा नाही, त्याच्यापुढे कोन आल्यावर आकडा होतो. आपल्या सारणीत बघा: ६० ला ८.७, ३० ला ५. भागाकार १.७४ येतो, दोन नाही.

पाठांतराचं काय?

कुठल्या गुणोत्तरात कुठली बाजू ते आद्याक्षरांनी लक्षात ठेवायचं 'पंडित बद्री प्रसाद, हर हर बोले' हे हिंदी वाक्य पिढ्यान् पिढ्या कामी आलं आहे, परीक्षेच्या आदल्या रात्री त्याला नावं ठेवू नयेत. पण ३०, ४५, ६० यांच्या किमती पाठ करण्याआधी एकदा घडी घालून बघाव्यात. चौकोनी फरशीला कर्णाने कापलं की ४५. तिन्ही बाजू दहाच्या असलेला कागदी त्रिकोण मधोमध दुमडला की पाया पाच, कर्ण दहा आणि वरचा कोन ३०. साइन ३० अर्धा का, ते बोटांना कळलं. विसरलं तरी परीक्षेच्या बाकावर कागद दुमडता येतो.

टॅन ९०

वर्तमानपत्रावरच्या रेघेचा प्रश्न राहिला होता. ८० ला छप्पन, ८५ ला एकशे चौदा, ८९ ला पावणेसहा मीटर. मग ९० ला?

त्यासाठी २६ मेला बारा वाजता परत गच्चीवर जायचं, टोप्या आणि पाण्याची बाटली घेऊन, आणि आधी तापलेल्या फरशीवर बादलीभर पाणी टाकून. मागच्या वर्षी गेलो होतो. बारा पाचला पोरांनी डिसेंबरसारखंच काठी उभी करून सावली मोजली. दोन फुटांच्या काठीची सावली बोटभर. तीही आखडत गेली. बारा दहाला काठीखाली काही उरलं नाही.

"मोजा आता," मी म्हटलं. "उंची भागिले सावली."

सातवीतली मुलगी टेप हातात घेऊन खाली बसली. इकडून बघितलं, तिकडून बघितलं.

"काकू, कशाने भागू? खाली काहीच नाही."

बाकीचे पायाचे चटके विसरून काठीभोवती गोळा झाले होते. बारा चौदाला दुसऱ्या बाजूने केसाएवढी काळी रेघ परत दिसायला लागली.